मध्यापर्यंत न गेलेली नाव

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते मलाही कळत नाही.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. नागपुरातल्या हिवाळ्यात मी आणि प्रभाकर सकाळी सायकलींवर तलावाकडे निघायचो. वाटेत तर्री-पोहे. तिखटानं नाक लाल, आणि प्रभाकरची अखंड बडबड. कॉलेजपासूनचा माझा सोबती तो. पुढे एकाच प्रयोगशाळेत लागलो. उपग्रह वरून जाताना तलावाचा फोटो काढतो — त्या फोटोतल्या उजळपणावरून पाणी किती गढूळ ते सांगता येईल, असं गणित त्यानं मांडलं होतं. लोक हसायचे. मी हसत नसे. त्या दिवसांइतका विश्वास नंतर कशावर ठेवलाय मी?

माझं काम सोपं. उपग्रह यायच्या दिवशी नावेनं तलावाच्या मध्यावर जायचं, दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची — दोरी जितकी कमी, पाणी तितकं गढूळ. प्रभाकर पलीकडे, नाला येऊन मिळतो तिथे बाटल्या भरत असे. तिथून माझी नाव दिसत नसे.

पोहता येतं, असं मी नोकरी लागताना सांगितलं होतं. येत नव्हतं. लहानसंच खोटं — नाही का? पहिल्याच दिवशी वारा होता. नाव डुलली आणि मी दोन्ही हातांनी तिची कड धरली. "बाई, मधात न्यायची ना?" नावाड्यानं विचारलं. मी नको म्हटलं. काठालगतच्या शेवाळल्या पाण्यात तबकडी सोडली — आणि ते माप मध्याचं म्हणून दिलं. त्या दिवशी. मग दर वेळी.

फोटो हैदराबादहून यायला महिने लागत. आले, तेव्हा मध्यावरचं पाणी फोटोत स्वच्छ आणि माझ्या मापात गढूळ. प्रभाकरनं पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. डोळे खोल गेले त्याचे. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, मापं बरोबर आहेत ना? मी तोंड उघडायच्या आत प्रभाकरच बोलला, "तिचं माप नाही चुकत, सर. माझंच गणित चुकून राहिलं."

मी मान डोलावली. हो — डोलावली.

काम बंद पडलं. त्यानं हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली. पुढे आमच्याकडे नवा सहकारी आला, त्यानं ते काम पुन्हा काढलं. तो बिनधास्त मध्यावर जाऊन मोजून आला, आणि प्रभाकरचंच गणित, काही न बदलता, चपखल बसलं. शोधनिबंधावर त्या सहकाऱ्याचं नाव लागलं. आणि माझं.

त्यानंतर एकदा प्रभाकर सीताबर्डीवर भेटला. हातात मुलीसाठी घेतलेला फ्रॉक. आमचं काम जमल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. चिडला असेल, असं वाटलं. तो पूर्वीसारखाच हसला.

"मंग मले काहून नाही जमलं वं?"

मी म्हटलं, नशीब.

"हो, तेच," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायले.