मुकादमाची गादी

"बाबा, मी कुत्रं आणा म्हटलं होतं. वासरू नाही!"

फोनच्या पडद्यावर लेकीचे डोळे कपाळात गेले होते. गादीवाल्याने फोन आणखी खाली धरला, म्हणजे तिला मागचे पायही दिसावेत. काळा-करडा, रुंद छातीचा, एक कान अर्धा तुटलेला असा बेचाळीस किलोंचा ऐवज दुकानाच्या दारात उभा होता आणि दार भरून उरला होता.

"वय काय याचं?"

"आठ-नऊ असेल, निवाऱ्यातल्या ताई म्हणाल्या."

"म्हणजे म्हातारा!"

"मग मी काय कॉलेजात जातोय?"

लेक हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, बाबांनी पहिल्यांदाच काहीतरी गमतीचं बोलून दाखवलं होतं. तिने घाईघाईने फोन ठेवला. तिचं रडं पोचायचं ते पोचलंच.

गादीवाल्याला नावाने कुणी हाक मारत नसे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. चाळीस वर्षं लोकांच्या खुर्च्या, सोफे, दवाखान्यातली बाकडी त्याच्या हाताखालून गेली. खुर्ची आली की तो आधी हात फिरवायचा, मग डोळे मिटून एकदा तीत बसायचा, आणि मग सांगायचा, "डावीकडे झुकून बसतात तुमच्याकडे कुणीतरी. पाठ दुखते का त्यांची?" गिऱ्हाईक चाट पडायचं.

कामाचा त्याचा एक नियम होता, वस्तादाने घालून दिलेला. जुना कापूस, जुना काथ्या परत आत घालायचा नाही. कितीही चांगला वाटो. दारात उसवायचं, पोत्यात भरायचं आणि त्याच सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकायचं. "लोकांचा घाम दुसऱ्या दिवसापर्यंत घरात ठेवू नये," वस्ताद म्हणायचा.

एक खुर्ची मात्र या नियमातून सुटली होती. खिडकीजवळची, बायकोची. ती रोज दुपारी तीत बसून शब्दकोडं सोडवायची आणि अडलं की दुकानात ओरडून विचारायची. डाव्या हातावरचं कापड तिच्या कोपराने पार विरलं होतं, बैठकीत खड्डा पडला होता.

"अहो, जगाच्या बुडाखाली गाद्या घालता आणि बायकोच्या बुडाला स्प्रिंगा टोचतात!"

"गिऱ्हाइकांची रांग आहे. तुझा नंबर आला की करीन."

"वीस वर्षं नंबर येतोय माझा!"

नंबर आला नाही. ती गेल्यावर त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक स्टूल आडवं ठेवलं, म्हणजे चुकूनही कुणी बसायला नको. लेक आली तेव्हा तीसुद्धा जमिनीवरच बसली. कधीकधी तो स्टूल बाजूला करून वाकायचा, बैठकीला नाक लावायचा. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास अजून होता. दिवसेंदिवस कमी होत होता, पण होता.

निवाऱ्यात तो खरं तर छोटं कुत्रं बघायला गेला होता, मांडीवर मावेल असं. तिथल्या ताईंनी चार पिल्लं दाखवली, चारही त्याच्या बुटाच्या नाड्यांना लागली. शेवटच्या पिंजऱ्यात हा बसला होता. उठला नाही, शेपूट हलवली नाही, नुसता बघत राहिला. गादीवाल्याची नजर आधी गेली ती तो बसला होता त्या गादीवर. मळून काळी झालेली, कापसाच्या गाठी झालेल्या, एका कडेने उसवलेली.

"हा सात महिने इथंच आहे," ताई म्हणाल्या. "मोठा आहे ना. लोकांना पिल्लू हवं असतं. याचा मालक वारला. शेजारी याला आणि गादीला फाटकापाशी ठेवून गेले."

"कुणी नेलंच नाही?"

"एकांनी नेलं होतं. चार दिवसांत परत आणला. म्हणाले, घर लहान वाटायला लागलं."

गादीवाला म्हणाला, "माझं घर मोठंच वाटतंय सध्या."

कागदांवर सह्या झाल्या. पंधरा दिवस बघायचं, नाही जमलं तर परत आणायचं. निघताना ताईंनी गादी गुंडाळून टेम्पोत टाकली. "ही पण न्या काका, त्याचीच आहे." मागून दुसऱ्या कुत्र्यांचा कालवा चालला होता, फोन वाजत होता. त्यांना आणखी काही सांगायचं असावं, पण राहून गेलं. आणि गादीवाल्याने विचारलं नाही.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. आल्या आल्या कुत्र्याने दुकानात एक फेरी मारली, प्रत्येक खुर्ची हुंगली, हातोडीपाशी थांबून काम कसं चाललंय ते पाहिलं आणि नापसंतीने नाक फुरफुरवलं. गादीवाल्याने तिथल्या तिथं नाव ठेवून टाकलं, मुकादम. मुकादम रात्री आपल्या गादीवर झोपला. सकाळी वाडगा चाटूनपुसून रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम मागच्या अंगणात ऊन खात पडला होता. गादीवाल्याने गादी दारात आणली. तोंडाला फडकं बांधलं. उसवताना तो स्वतःशीच बोलत होता, "काय हाल केलेत रे तुझे! चाळीस वर्षं गाद्या भरणाऱ्याच्या घरात अशी गादी? शोभतं का?" पोतं भरलं, कोपऱ्यावर गाडी उभीच होती, पोतं गेलं.

मग दोन दिवस त्याने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. नवा कापूस पिंजून आणला. म्हाताऱ्या सांध्यांना टोचू नये म्हणून मध्ये फोमचा थर दिला. दाभणाने चारी कडा दुहेरी शिवल्या. मनात कुठंतरी बायको ऐकतेय असं धरून तो म्हणाला, "बघ, याचा नंबर पहिल्याच आठवड्यात लागला."

मुकादमाने नव्या गादीभोवती एक चक्कर मारली. हुंगली. पुन्हा हुंगली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दारापाशी गेला, जिथं गादी उसवली होती तिथली फरशी हुंगली आणि तिथंच उघड्या फरशीवर आडवा झाला.

त्या दिवसापासून त्याने खाणं टाकलं.

भात झाला, अंडी झाली, मटणाचं सूप झालं. मुकादम वाडग्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. पाणी तेवढं प्यायचा. उठला तर एकाच जागी जायचा, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी. स्टुलाखालून नाक घालायचा.

"ए! तिथं नाही!" गादीवाला ओरडायचा. मुकादम मुकाट्याने परत फरशीवर.

डॉक्टर येऊन गेले. पोट दाबलं, दात पाहिले, रक्त नेलं. "शरीरात काही नाही," म्हणाले. "पण या वयात, एवढं मोठं जनावर, असंच उपाशी राहिलं तर फार दिवस काढणार नाही."

नवव्या दिवशी ताई स्वतः आल्या. मुकादमाच्या बरगड्या बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"काका, याची गादी कुठाय?"

"ही काय!" गादीवाल्याने नव्या गादीवर थाप मारली. एवढ्या काळजीतही आवाजात थोडा तोरा आलाच. "हात लावून बघा. अशी राजालाही मिळायची नाही."

"ती नाही. जुनी."

"ती होय? ती टाकली. आत काही राहिलं नव्हतं हो, नुसत्या गाठी आणि वास."

ताई बाकड्यावर बसल्या. "काका, ती मालकाची गादी होती. वर्षभर आजारी होते ते, त्या गादीवरच गेले. हा त्यांच्या पायाशी झोपायचा. आमच्याकडे सात महिने आम्ही ती मुद्दाम धुतली नाही." त्यांनी डोळे पुसले. "चूक माझी. निघताना सांगायला हवं होतं."

गादीवाल्याची नजर खिडकीजवळच्या स्टुलावर होती.

"तुम्ही कशाला सांगायला हवं होतं?" तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाही तर मला तरी कळायला हवं होतं. मलाच."

कचऱ्याच्या ऑफिसला त्याने फोन लावून पाहिला. पलीकडचा माणूस आधी हसला, मग याचा आवाज ऐकून हसायचा थांबला. "आजोबा, आठवडा झाला. त्यावर आता डोंगर झाला असेल."

ताई जाताना सांगून गेल्या, "सोमवारी सकाळी गाडी घेऊन येते. तिकडे सलाईन तरी लावता येईल."

"आणि पुढं?"

ताई वाकल्या आणि मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवून निघाल्या.

रविवारी दुपारी मुकादम पुन्हा उठला. आता उठताना त्याचे मागचे पाय थरथरत होते. खुर्चीपर्यंत गेला, नाक आत घातलं आणि ओरडा खायची वाट बघत मागे वळून पाहिलं. अख्ख्या घरात नवं न झालेलं, माणूस मुरलेलं एवढंच एक उरलं होतं, आणि ते त्याने शोधून काढलं होतं.

"तुझं माणूस नाही रे ते," गादीवाला म्हणाला. "माझं आहे."

मुकादम तसाच उभा.

गादीवाल्याने स्टूल उचललं. मुकादम काही त्या खुर्चीत मावणारा नव्हता, म्हणून त्याने बैठक दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढली. तशीच छातीशी धरली. खड्ड्यात तोंड खुपसून उभा राहिला, श्वास भरून भरून घेत राहिला, पोटात साठवता येईल तेवढं साठवावं तसा. मग गुडघे टेकून त्याने ती फरशीवर ठेवली.

मुकादमाने हुंगली. खूप वेळ हुंगली. मग हळूच पुढचे पाय आणि डोकं तेवढं तिच्यावर टेकलं. तेवढंच मावत होतं. हनुवटी बरोबर खड्ड्यात आली. त्याने एक लांब उसासा सोडला. गादीवाला शेजारी फरशीवरच बसला, त्या रुंद पाठीवर हात ठेवून, अंधार पडेपर्यंत.

सकाळी वाडग्यातला भात अर्धा संपला होता.

"येऊ ना काका?" ताईंचा फोन.

"नका येऊ," तो म्हणाला.

पंधरवड्याने लेकीने पडद्यावर पाहिलं. "बाबा, आईच्या खुर्चीची बैठक कुठाय?"

"दिली."

"कुणाला?"

त्याने फोन खाली धरला. दोघं नुसते बघत राहिले.

त्या संध्याकाळी मुकादम अंगणात गेला असताना गादीवाला वाकला आणि बैठकीला नाक लावलं. कुत्र्याचा वास. नुसता कुत्र्याचा. त्याने कडेकडेने, शिवणीशिवणीतून हुंगून पाहिलं. मलम कुठंच नव्हतं.

खिडकीजवळ उघड्या स्प्रिंगांची खुर्ची उभी होती. नव्या बैठकीसाठी त्याने तिचं माप घेतलं, टेप गळ्यात अडकवला, कापडाचा गठ्ठा उलगडला. कात्री हातात धरून तो बसून राहिला. मुकादम आत आला, त्याच्याकडे एकदा पाहून बैठकीवर हनुवटी टेकून आडवा झाला.

गादीवाल्याने कापड पुन्हा घडी करून ठेवलं.