वेणूची उजवी चप्पल

बदलापूरमधल्या हेंद्रेपाड्याच्या हिरामणने एकतीस वर्षं रिक्षा चालवली, पण मागच्या सीटवर तो कधी बसला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरदेव मुंडावळ्या कानामागे खोचून, हॅण्डल धरून मांडवात दाखल झाला होता. पुढे बायकोला, म्हणजे वेणूला, वांगणीला माहेरी न्यायचं असो की उल्हासनगरला खरेदीला, पुढे हिरामण आणि मागे वेणू, हे ठरलेलं.

उल्हासनगरला एका सिंधी चप्पलवाल्याशी दर वर्षी भांडण व्हायचं, तेही ठरलेलं. वेणूची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी, अंगठ्याखाली झिजायची. जोडीतली एक चप्पल दोन नंबरची लावतोस, असं हिरामण सुनावायचा. दुकानदार शांतपणे म्हणायचा, माल बरोबर आहे, घालणाऱ्या बाईला विचार. ते मात्र हिरामणला कधी सुचलं नाही.

मनाली, त्यांची लेक, नोकरीला लागली आणि तिने आईबापाला श्रीलंका दाखवायचं काढलं. वेणूची एकच इच्छा होती. दिवसाला पाच कप चहा पिणाऱ्या त्या बाईला चहाचं झाड बघायचं होतं, स्वतःच्या हाताने एक पान तोडायचं होतं.

विमानात हिरामण घोरत गेला. रस्ता दिसत नव्हता, ड्रायव्हरही दिसत नव्हता, मग भ्यायचं कशाला? खरी पंचाईत झाली ती तिथल्या व्हॅनमध्ये. पहिला दिवस समुद्राच्या काठाकाठाने. वेणूने पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसलेले कोळी पाहिले, किल्ला पाहिला, माडांखाली वाळत घातलेली मासळी पाहून भावही विचारला. हिरामणने दिवसभर पुढच्या बसची नंबरप्लेट पाहिली. व्हॅनचा ड्रायव्हर ब्रेक मारायच्या आधी हिरामणचा उजवा पाय खाली दाबला जायचा आणि डावी मूठ हवेतला क्लच आवळायची. संध्याकाळी पोटरी डब्यासारखी फुगली. मनालीने बाम चोळला आणि हसली.

दुसऱ्या दिवशी डोंगर लागला आणि हसणं संपलं.

रस्ता अरुंद, वळणं केसांच्या आकड्यासारखी, आणि वर चढावं तसं धुकं दाट. एका वळणावर समोरून लाकडांनी लादलेला ट्रक आला. तो मागे हटणार नव्हता. ड्रायव्हरने व्हॅन रिव्हर्स घेतली. मागच्या चाकाखालची खडी सुटली. ती दरीत गडगडत जाताना ऐकू आली, पण तळाला पोचल्याचा आवाज काही आला नाही. हिरामणने दोन्ही पाय जीव खाऊन दाबले. पायाखाली नुसता रबरी गालिचा होता. आपण तिघं इथेच जाणार आणि आपल्या हातात काही नाही, एवढंच त्याला कळत होतं.

ट्रक गेला. पुढे धबधब्यापाशी टपरीवर व्हॅन थांबली, तसा हिरामण उतरला आणि एका दगडावर बसला.

“मी नाय येत. तुमी जावा.”

मनालीने समजूत घातली, मग ती चिडली, मग रडायच्या बेतात आली. अनोळखी मुलखात बापाला दगडावर सोडून पुढे जाता येणार नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी परत फिरायचं. चहाचे मळे वर, जेमतेम अर्ध्या तासावर होते.

वेणू त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने उजव्या पायातली चप्पल काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“ही पुढून का झिजते, इचारलंत कधी?”

हिरामणने चप्पल उलटी करून पाहिली.

“तुमी टँकरला कट मारता, तवा मी मागं बसून काय करते? भजन? आरशात तुमाला माझं तोंड दिसतं, पाय नाय दिसत.”

“मंग बोलली का नाय गो?”

“बोलून तुमी हळू चालवणार होता?”

हिरामणने चप्पल तिच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, की इतकी वर्षं तिने हे सोसलं कसं.

“रस्त्याकडं बघायचंच नाय. बाजूला बघायचं. आनि काय तरी घट धरायचं.”

तो व्हॅनमध्ये चढला. भीती कुठेही गेली नव्हती. ती त्याच्या आधी सीटवर जाऊन बसली होती. हिरामणने बाजूला पाहिलं तर दरी होती. मग त्याने वेणूकडे पाहिलं आणि तिचं मनगट धरलं, ते थेट मळा येईपर्यंत. तिथे वेणूने पान तोडलं, चावलं आणि कडू म्हणून थुंकलं. तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते.

बदलापूरला आल्यावर पहिल्याच रविवारी हिरामण तिला घेऊन उल्हासनगरला चपला घ्यायला निघाला. यंदा भांडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. प्रत्येक खड्ड्याला तो जवळजवळ थांबत होता. सायकलवाले पुढे जात होते. अंबरनाथ येईपर्यंत वेणूने दम धरला.

“काय ओ,” ती मागून म्हणाली, “गॅस संपला काय?”