गुंता खालून सुटतो

फणीमावशी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसे. रायपूरमधल्या बूढापाऱ्याच्या गल्लीत एखादी मुलगी समोर येऊन हसली, की मावशी डोळे बारीक करून म्हणायची, "जरा पलट व पोट्टी." मुलगी पाठमोरी झाली की लगेच, "हव! तू तर पोस्टातल्या मॅडमची लेक. शेंडे फाटले तुहे." मुलींचं ठीक होतं. एकदा तिने नळ दुरुस्त करायला आलेल्या भैयालाही वळायला लावलं, आणि तो बिचारा पाना हातात घेऊन वळलाही.

ती आमची घरमालकीण. मी डोंगरगडहून बी.एस्सी. करायला रायपूरला आले, तेव्हा तिच्या मागच्या खोल्यांपैकी एका खोलीत मला जागा मिळाली. बाबा रेल्वेत ट्रॅकमन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मावशीच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. दारावर 'ब्युटी पार्लर' अशी पाटी होती, पण आत काम चालायचं एकच, गुंता सोडवायचं. केस कापून घ्यायला आलेल्या बाईला ती बसवून घ्यायची आणि तासाभराने न कापताच परत पाठवायची. "कापाले काय लागते? कापाचं काम तर उंदीर बी करते," हे तिचं ठरलेलं वाक्य. पार्लर फारसं का चालत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

तिची पद्धत मात्र पक्की सरकारी होती. बोटं म्हणजे शिपाई, मोठ्या दातांचा लाकडी कंगवा म्हणजे बाबू आणि मऊ केसांचा ब्रश म्हणजे साहेब. "फाईल खालून वर जाते. आधी शिपाई, मग बाबू, मग साहेब. डायरेक्ट साहेबाच्या केबिनमध्ये घुसली, तर फाईल बी अडकते अन् केस बी तुटते." म्हणून सुरुवात नेहमी शेंड्यांपासून. बट वरच्या बाजूला एका मुठीत घट्ट धरायची आणि खालचा गुंता दुसऱ्या हाताने सैल करायचा, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही. "मुळाले खबर नाही लागली पाहिजे," असं ती कुजबुजायची, जणू मूळ ऐकत बसलंय. ब्रश अगदी शेवटी. "साहेब फक्त सही करते."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये कामाला. संध्याकाळी काळ्या धुळीने माखून यायचे आणि खुर्चीवर कोणी ना कोणी मुलगी बसलेली पाहून विचारायचे, "माहा नंबर कवा?" काकांच्या डोक्यावर कानांजवळचे चार केस सोडले तर काही नव्हतं. मावशी मान वर न करता म्हणायची, "तुमची फाईल कवाचीच बंद झाली. हातपाय धुवा."

तिच्याबरोबर बसने जाणं हा एक धोका होता. तेलीबांध्याला जाताना पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी बाईची ओली, कशीतरी बांधलेली वेणी तिला सहन होईना. मी हात धरेपर्यंत तिने रिबीन सोडली होती. बाई गर्रकन वळून ओरडली, "अरे! ये क्या कर रही हैं आप?" मावशी शांतपणे म्हणाली, "दीदी, सामने देखिए. हिलिए मत." थोड्या वेळाने त्या बाईची मान आपोआप मागे कलली आणि डोळे मिटले. तिचा स्टॉप गेला. आमचाही गेला.

दुसऱ्या वर्षी मला टायफॉईड झाला आणि बाबा मला डोंगरगडला घेऊन गेले. बरेच दिवस मी अंथरुणातच होते. ताप उतरला तेव्हा माझ्या कमरेपर्यंतच्या केसांचा मानेमागे गोवरीसारखा एक कडक गोळा झाला होता. आई तेलाची वाटी घेऊन बसली, पण आत्याने तिचा हात धरला. आत्या बाबांची मोठी बहीण, तिनेच त्यांना वाढवलेलं. घरात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "हात नको लावू व. जट हाय ते. देवीनं मागितली पोरगी."

जट आली की ती देवीची. तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. आणि जिच्या डोक्यात ती आली, तिचं शिक्षण, लग्न, घराबाहेर पडणं, सगळंच देवीच्या हवाली. आई घाबरली. बाबांनी माझी पुस्तकं ट्रंकेत भरली. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, तरी एकटी असले की तो गोळा चाचपायची आणि मलाही भीती वाटायची. शेवटी मी मावशीला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने ती डोंगरगडला उतरली. पिशवीत शिपाई सोडून सगळं ऑफिस होतं, शिवाय खोबरेल आणि कंडिशनरची बाटली. तब्येत कशी आहे, हेही तिने विचारलं नाही. म्हणाली, "पलट." मी पाठमोरी झाले.

आत्याने तिचं आडनाव विचारून घेतलं आणि कोपऱ्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात तिला चहा दिला. मावशीने कप फिरवून पाहिला. "माह्यासाठी इस्पेशल काढला वाटते आत्याबाईनं," म्हणाली, आणि सगळा चहा प्यायली. आईने मान खाली घातली.

"जट हाय ते," आत्याने बजावलं. "फणी लावली तर कोप होते."

आता भांडण होणार असं आम्हाला वाटलं. पण मावशी म्हणाली, "असंल जी. मी कोण नाही म्हणणारी? पण देवीची असंल, तर माह्या कंगव्यानं थोडीच सुटते? देवी काय माह्याहून कमजोर हाय? तुम्ही इथंच बसा. पोरीले काही झालं, तर माहा हात मोडा."

आत्या पहारा द्यायला समोर बसली.

अंगणात चटईवर काम सुरू झालं. तेल, कंडिशनर, मग बोटं. शेंड्यांची एक बट मोकळी व्हायला चहा उकळून गार होण्याइतका वेळ लागत होता. दुपारी मावशी म्हणाली, "आत्याबाई, हात कमी पडून राहिले. एवढी बट वरून धरा बरं, घट्ट." आत्या घुटमळली. मग तिने पदराला हात पुसले आणि माझ्या मागे, मावशीच्या खांद्याला खांदा लावून बसली. गोळ्याच्या मधून माझी हरवलेली क्लिप निघाली, तेव्हा मावशी ओरडली, "घ्या, चोर सापडला!" आई हसली, आणि आत्याही हसता हसता राहिली. दुसऱ्या दिवशी तर आत्याच मावशीला दटावत होती, "हळू व! पोरगी हाय, गाठोडं नाही!"

उन्हं कलली तेव्हा शेवटची गाठ सुटली. केस पातळ झाले होते, पण पाठीवर मोकळे पसरले. आत्याने वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. कुठेच अडली नाहीत. मग ती कोणाकडेही न पाहता बोलू लागली. "आमच्या मोठ्या बाईले बी अशीच आली होती. तापातूनच उठली होती ते. देवीची हाय म्हणून बानं तिले देवळात नेऊन सोडली. तिच्या येळेस कोणी फणी घेऊन आलं नाही व."

आपल्याला आणखी एक बहीण होती, हे बाबांना त्या दिवशी कळलं.

मावशी मोठ्या दातांचा कंगवा घेऊन आत्याच्या मागे बसली आणि तिचा बारीकसा अंबाडा सोडून, शेंड्यांपासून हळूहळू विंचरू लागली.

तिसऱ्या दिवशी मी मावशीबरोबर रायपूरला परतले. पदवी झाली, नोकरी लागली. पुढे मी केस खांद्यापर्यंत कापले, तेव्हा मावशीने मला पाठमोरी करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कोन्या उंदराकडे गेली होती?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखायचं निमित्त झालं. मी डोंगरगडला फोन केला तो फक्त कळवायला. आत्याचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नाही. तरी बाबांना घेऊन ती गाडीने आली. बूढापाऱ्याच्या घरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. दारात धाप टाकत उभ्या राहिलेल्या म्हातारीला पाहून एकीने हळूच विचारलं, "अम्मा, आप इनकी कौन लगती हैं?"

"बहीण हाय मी तिची," आत्या म्हणाली, आणि त्या बायकांमध्ये जागा करून बसली.