सत्तर सेंटिमीटरचा दोरा

डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. बाहेर रस्ते खचतील, पाइपलाइन फुटेल, कल्याणला निघालेला माणूस पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये म्हातारा होईल. आमच्या प्रयोगशाळेतलं गुरुत्वाकर्षण मात्र ९.८ वरून केसभरही हलत नाही. अकरावीची शंभर मुलं लंबक हलवतात आणि शंभर जर्नलांत शंभर वेळा ९.८ येतं. स्वर्गात देवांचंही इतकं एकमत होत नसेल.

आमच्याकडची रीतच तशी आहे. उत्तर आधी लिहायचं, रीडिंग मागून भरायची. रीडिंग येतात मागच्या बॅचच्या जर्नलातून, त्यांची त्यांच्या मागच्या बॅचकडून. या खानदानी जर्नलात दोऱ्याची लांबी एकशेवीस सेंटिमीटर आहे. आमच्या स्टँडवर सत्तरच्या वर दोरा मावत नाही! एकशेवीसचा लावला तर गोळा टेबल फोडून, फरशी फोडून खाली प्रिन्सिपॉलच्या चहात पडेल.

मी दरवर्षी घसा फोडतो. बाबांनो, बटण दाबायला बोट उशीर करतं, पट्टी वाकडी धरली जाते. म्हणून आपण कुठवर चुकलो असू ते मोजा आणि उत्तरापुढे अधिक-उणे करून लिहा. मुलं नंदीबैलासारख्या माना डोलावतात आणि ९.८ लिहितात.

गेल्या वर्षी एकीने ऐकलं. दिवा स्टेशनहून लोकलने येणारी मुलगी. तिने सत्तरचा दोरा लावला, दहा-दहा झोके तीनदा मोजले आणि लिहिलं: ९.५, अधिक-उणे ०.४. मी ते पेन्सिलीने लिहिलेलं पान इतक्यांदा वाचलं की अक्षरं फिकी झाली असतील. मग ती आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे सहीला गेली. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल दुसऱ्याच दिवशी.

“हे काय गं? साडेनऊ?”

“मॅडम, मी खरंच मोजलेलं.”

“सगळ्यांचं आलं, तुझंच बरं नाही आलं? परत लिहून आण.”

मी मध्ये पडलो. “मॅडम, ९.१ ते ९.९ च्या मध्ये कुठेतरी, असं म्हणतेय ती. ९.८ आहे की त्यात.”

“अहो सर, चप्पल घरात आहे म्हणून पायात आहे का?”

माझं डोकं सटकलं. स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं. म्हटलं, मोजा. त्यांनी दहा झोके मोजले: १६.४ सेकंद. पुन्हा मोजले: १७.४. तोच दोरा, तोच गोळा, तोच अंगठा, आणि अख्खा एक सेकंद गायब! मला वाटलं, आता न्यूटन कबरीतून उठून माझी पाठ थोपटणार.

“घड्याळ बिघडलंय,” मॅडम म्हणाल्या. “नवीन मागवा.” आणि पुढच्या जर्नलवर सही ठोकली.

मी त्या मुलीला पॅसेजमध्ये नेलं. वर्षानुवर्षं घसा फोडणारा मी, तिला खोडरबर दिलं.

“खोड ते. ९.८ लिही आणि सही घेऊन ये.”

“आणि रीडिंग?”

“ती राहू दे. मॅडम शेवटची ओळच बघतात.”

ती खोडत होती. कागद फाटेल इतकं घासत होती. मग मान वर न करता तिने विचारलं, “सर, मग अधिक-उणे किती लिहू?”

“काही नको लिहूस.”

सही मिळायला दोन सेकंदही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती प्रॅक्टिकलला बसली. त्यानंतर वर्षभर तिने मला एकही शंका विचारली नाही. त्याआधी वर्गात सगळ्यात जास्त शंका तिच्याच असायच्या.

यंदा लंबकाच्या आठवड्याआधी मी स्टुलावर चढलो आणि पंख्याच्या रिकाम्या हुकाला दोरा बांधला. आता एकशेवीस आरामात मावतो. खोटंच लिहिणार असाल, तर ते निदान खोलीत तरी मावू दे.