दात काढू का, आत्याबाई?

आजवर मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे एकट्या माझ्या धाकट्या जावेच्या सुनेनं दिले आहेत. मी दुष्काळ बघितला, प्रवरेचं पाणी दाराच्या पायरीला लागलेलं बघितलं, पण माझा आ वासला तो हिच्यामुळेच. आणि कुणी आ वासला की ही लगेच वाकून आत बघणार. दातांची डॉक्टर आहे ती. कोल्हारात, हमरस्त्याला, आमच्याच गाळ्यात तिचा दवाखाना होता. जाऊ वारल्यापासून तिची सासू म्हणायची तर मीच. आमची घरंही एका भिंतीची, त्यामुळे तिच्या सगळ्या तऱ्हा मला जवळून बघाव्या लागल्या.

तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. बाजारात कुणी "ओळखलं का डॉक्टर?" म्हणालं की ही नुसती बघत राही. तो माणूस ओशाळून हसला की हिचा चेहरा उजळे, "हां! वरची डावी दाढ!" माणसंही खूष होत. लग्नात लोक नवरीचे दागिने बघतात, ही नवऱ्याच्या हिरड्या बघे. पण एकदा कहर झाला. गल्लीतले एक म्हातारबाबा गेले. बायका रडत होत्या. ही पुढं होऊन वाकली. मला वाटलं, पाया पडते आहे. ती सरळ झाली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई, मी भरलेली दाढ बघा. इतकी वर्षं झाली, अजून हलली नाही." मी तिला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. लोकांना बरं वाटलं.

हात मात्र सोन्याचा. दात कधी निघाला ते कळायचं नाही. आमच्या भागातले एक पुढारी खुर्चीत बसून विचारत होते, "दुखंल का ओ?" ही म्हणाली, "दुखलं का?" दात ताटलीत पडला होता. पण तोंड फटकळ. रोगी आपली कहाणी सांगायला लागला की म्हणे, "आ करा." बस. तेवढंच भाषण. मी एकदा म्हटलं, "अगं, त्यांना जरा बोलू तर दे." तर म्हणते, "दात बोलतो की, आत्याबाई. माणसानं कशाला बोलायचं?"

माझ्या खालच्या पुढच्या दाताशी तिचं जुनं वैर होतं. तो हलायचा. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले की ही समोर उभी. "काढून टाकते. एक मिनिट." मी म्हणे, "हात तर लाव, मग बघ." कित्येक दिवस मी तिच्याशी पदराआडून बोलले आहे. लोकांना वाटे, म्हातारी सुनेला लाजते.

मग तिच्या नवऱ्याला इंग्लंडात कॉम्प्युटरचं काम लागलं. शाळेचं वर्ष बुडायला नको म्हणून पोरगी बापाबरोबर गेली. ही मागं राहिली. का, तर तिकडं हिची डॉक्टरी चालत नाही. परीक्षा द्यावी लागते. तोवर गेलीच तर दुसऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहून हत्यारं हातात द्यायची.

"अगं, पण तू शिकलेली हायेस ना?" मी विचारलं.

"तिकडच्या लेखी मी परदेशात शिकलेली."

"कुठल्या परदेशात?"

"नगरला."

मी चौथी शिकलेली बाई. मला भूगोल फार येत नाही. पण नगर परदेशात आहे हे मला मास्तरांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. हिनं निम्म्या तालुक्याचे दात उपटले, भरले, बसवले. आता हिनंच पुन्हा पाटी घेऊन बसायचं? "जाईन तर दातांची डॉक्टर म्हणूनच जाईन," ती म्हणाली. नवरा समजावून थकला. पोरगी फोनवर रडली. ही हलली नाही.

आधी लेखी परीक्षा होती. ती पहिल्याच झटक्यात सुटली. मग हाताची आणि तोंडाची. तिला ठरावीक वेळाच बसता येतं, त्यानंतर दार कायमचं बंद. त्यात जागा इतक्या कमी की नाव नोंदवायला कॉम्प्युटरपुढं टपून बसायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत जागा संपतात.

एका सकाळी मी विरजणाला चमचाभर दही मागायला तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि दाराशीच थिजले. ओट्याच्या कडेला, जिथं आम्ही शेवयांचं यंत्र आवळतो तिथं, एका माणसाचं मुंडकं आवळलेलं होतं. धड नाही, काही नाही. रबराचे गाल, आ वासलेला. आणि ही त्याच्या तोंडात मशीन घालून घुर्र घुर्र करत होती. "हळू बोला," मला म्हणाली. "याच्या हिरडीला ओरखडा गेला तर मार्क जातात." जित्या माणसाला आजवर 'दुखतंय का' विचारलं नाही, आणि या मुंडक्याची केवढी काळजी! दह्याची वाटी मी तशीच परत आणली.

दुसऱ्या वेळी तर मी गल्ली गोळा केली. दुपारी तिच्या घरातून आरडाओरडा आला, "हेल्प! हेल्प!" खिडकीतून बघते तर ही जमिनीवर गुडघे टेकून एका शर्ट घातलेल्या माणसाची छाती दोन्ही हातांनी दणादण दाबते आहे. मी बोंब ठोकली. समोरच्या दूध डेअरीवरची माणसं किटल्या टाकून धावत आली. एकानं दारावर लाथ घातली. आत शर्टाची बटणं तुटली होती आणि त्यातून जुने कपडे बाहेर आले होते. गोणी होती ती! खुर्चीतल्या रोग्याचं हृदय थांबलं तर काय करायचं, हेही त्या परीक्षेत विचारतात म्हणे, आणि ओरडून मदत मागितली नाही तरी मार्क जातात. त्यानंतर ती रोज ओरडे. डेअरीवरचे म्हणत, "चाललाय डॉक्टरीणबाईंचा अभ्यास."

एवढं करून ती इंग्लंडला गेली, पोरीला भेटली, परीक्षा दिली आणि नापास होऊन आली.

"मुंडक्याला लागलं का?" मी विचारलं.

"नाही. हातात पास. बोलण्यात गेले." ती पायरीवर बसली. "तिथं खोटे रोगी असतात, आत्याबाई. नाटकातली माणसं. दात धड असतात, पण दुखल्याचं सोंग करतात. एक बाई रडायला लागली, म्हणाली, मला भीती वाटते. मी म्हटलं, तोंड उघडा, दोन मिनिटांचं काम आहे."

"बरोबरच बोललीस की!"

"तिकडं विचारायचं असतं, भीती कसली वाटते. मग गप्प बसून ऐकायचं असतं."

"डॉक्टरनं?"

"डॉक्टरनं."

मी तिच्या शेजारी खाली बसले.

आता एकच संधी उरली होती. त्याच आठवड्यात तिच्या पोरीचा पहिला दात पडला. बापानं दोरा बांधून ओढला म्हणे. पोरीनं ती फट फोनजवळ आणून दाखवली. ही सवयीनं म्हणाली, "आ कर." तेवढ्यात रेंज गेली आणि पोरीचं उघडं तोंड फोनवर तसंच थांबलं. ते चित्र ही किती वेळ बघत बसली. आपल्याकडं पोराचा दात कौलावर टाकतात. डोळे पुसत तिनं विचारलं, "तिकडं कौलं असतात का हो?" मला काय माहीत! पण हिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "ऊठ. मी होते तुझी खोटी रोगी."

दवाखाना दुपारी बंद असे. मी खुर्चीत बसायची, ती पांढरा कोट घालून यायची. "नमस्कार. आज काय त्रास होतोय? दात हलतोय ना? काढूया, आ करा." सगळं एका दमात. मी खुर्चीतून ओरडे, "अगं भवाने, मला बोलू दे की!" ती मला म्हणे, "खोटे रोगी शिव्या देत नाहीत." मी म्हणे, "मग त्यांना तुझ्यासारखी डॉक्टर मिळाली नसंल." असं बरेच दिवस चाललं. ती प्रश्न विचारे आणि उत्तरही स्वतःच देऊन टाके. हिचं काही खरं नाही, असं माझं पक्कं मत झालं होतं.

मग एका दुपारी ती आली, स्टूल ओढून माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमचा हा दात हलतोय. काढू का? तुमचं काय म्हणणं आहे?"

आणि गप्प बसली.

बाहेर एसटी आली, थांबली, गेली. तिची बोटं हत्यारांच्या ताटलीकडं सरकली, मग तिनंच हात मागं घेऊन मांडीवर ठेवला. एवढ्या वर्षांत हे मला तिनं विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणीही नाही.

"न्हाई काढायचा," मी म्हटलं.

"का, ते सांगाल का?"

"भाकरी ह्याच्याच जोरावर तुटती. हा गेला की कुस्करून खायाची पाळी. माझी सासू तशी खायाची. मग हळूहळू तिला कुणी ताटावरच बोलवंना, वाटी आपली नेऊन ठेवायची पुढ्यात. मला ताटावर बसायचंय."

हे मी खोटी रोगी म्हणून बोलले की खरी, ते मला आजही सांगता येणार नाही. मी वाट बघत होते. आता ही म्हणणार, काही होत नाही, कवळी बसवू, आ करा. ती म्हणाली, "बरं. मग राहू द्या. दुखायला लागला तर सांगा."

आणि तिनं हातमोजे काढले.

मुंडकं बघून बसला नव्हता, गोणी बघून बसला नव्हता, एवढा धक्का मला त्या "बरं"नं बसला. मी नको म्हणाले आणि हिनं ऐकलं! त्याच वेळी मला कळलं, ही आता पास होणार. म्हणजे जाणार. खुर्चीतून उतरायला मला जरा वेळ लागला. ती म्हणाली, "हात देऊ का?" तेही विचारून.

निकाल आला त्या दिवशी ती इतक्या मोठ्यानं ओरडली की पिंपळावरचे कावळे उडाले. गल्लीतलं कुणी आलं नाही. सगळ्यांना वाटलं, अभ्यास चाललाय. मी एकटीच गेले. पुढं तिकडं डॉक्टर म्हणून नाव नोंदवायचे, व्हिसाचे सोपस्कार झाले आणि ती गेली. मुंडकं तिनं माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत घातलं. विमानतळावर बॅग उघडणाऱ्याचं काय झालं असेल, कोण जाणे. गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. तिथला माणूस चेहरे बघूनच ओळखतो.

तिचा फोन येतो. पोरगी आधी सगळे नवे दात दाखवते. मग ती विचारते, "आत्याबाई, दात कसा आहे? बघू का?"

दात मागच्याच महिन्यात भाकरीत निघाला. दुखलंसुद्धा नाही. कौलावर टाकला नाही. तो नवा दात येणाऱ्यांनी टाकायचा. देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलाय. भाकरी मी कुस्करूनच खाते, पण ताटावर बसून.

मी तोंडावर पदर धरते आणि म्हणते, "नको."

"बरं," ती म्हणते. आणि थोडा वेळ तशीच थांबते, मी आणखी काही बोलते का ते ऐकायला. मीच तिला शिकवलंय ते. पुढच्या खेपेला विचारलं तर "बघ" म्हणावं म्हणते.