बघून शिकलेले काका

चाकूरच्या आमच्या थोरल्या काकांना या जगात कुणीही काहीही शिकवू शकलेलं नाही. शाळेत त्यांनी इतक्या छड्या खाल्ल्या की शेवटी गुरुजींचाच हात दुखायला लागला, पण पाढे काही आले नाहीत. ‘मारानं माणूस मार खायला शिकतो, दुसरं काय न्हाई. गप बसून बघावं,’ असं त्यांचं म्हणणं.

मग ते बघत बसायचे. बाजारात शिंप्याच्या दुकानासमोर आठवडाभर ठाण मांडलं आणि घरी येऊन स्वतःचा सदरा शिवला. त्यात उजवा हात आरामात जायचा. डावा घालायला मात्र दुसरं माणूस लागायचं. तेलुगूही ते असेच शिकले, तेलंगणाच्या सीमेवरल्या देगलूरच्या बाजारातली भांडणं ऐकत. त्यामुळे पुढे एका लग्नात त्यांनी तिकडच्या पाहुण्यांकडे तेलुगूतून पाणी मागितलं, तेव्हा ते बिचारे हात जोडून ‘आमचं काय चुकलं’ म्हणून विचारू लागले. एकदा विहिरीवरची मोटार उघडून बसले आणि शॉक लागून लांब जाऊन पडले. काकूंनी एवढंच विचारलं, “झालं का बघून?”

“हाव,” काका पडल्या पडल्या म्हणाले. “लाल वायरीला हात लावायचा न्हाई.”

गेल्या वर्षी काकू गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा काका चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापत होते. तव्यावर टाकताना ती तुटायची, पुन्हा गोळा करायचे. बोटं भाजली होती. मी त्यांना आग्रहाने लातूरला घेऊन आलो.

संध्याकाळी माझी बायको भाकऱ्या करायला बसली, तसे काका पाट ओढून तिच्यासमोर बसले आणि कितीतरी वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी तिने पिठाचा गोळा त्यांच्या हातात दिला. “काका, आता तुम्ही थापा.”

काकांनी गोळा घेतला, पण थापला नाही.

“तुझी रीत चांगली हाय, सूनबाई,” ते म्हणाले. “पर तुझ्या काकूची अशी नव्हती.”

“मग कशी होती?”

काकांनी मोकळा हात हवेत धरला. तळवा एकदा असा वळवला, एकदा तसा. मग हळूच खाली ठेवला.

“साऱ्या मुलखाकडं बघत बसलो मी,” ते म्हणाले. “तिच्याकडं बघायचं ऱ्हाऊनच गेलं.”

बायकोने त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली. ती निवत गेली, तरी काका हातातला गोळा धरून बसले होते.