बिननावाच्या बाळाचा व्हिसा

ग्रीसच्या कालिम्नोस बेटाच्या बंदरावर, जकातघराच्या पायरीलगत, साकेलारिसचं निळ्या पत्र्याचं टेबल एक्केचाळीस वर्षं एकाच जागी आहे. टेबलावर शिक्क्याची गादी, गोंदाची बाटली, फोटो कापायची कात्री आणि अलीकडं एक लॅपटॉप, जो तो दोन बोटांनी असा टोचत चालवतो की जणू कोंबडी दाणे टिपतेय. समोर एक वेताचं स्टूल. त्या स्टुलावर बसून गेलं नाही असं घर आमच्या बेटावर शोधून सापडायचं नाही.

पासपोर्ट असो, हमीपत्र असो, व्हिसा असो, साकेलारिसच्या हातून अर्ज गेला की काम फत्ते. एका माणसाची जन्मतारीख तीन कागदांवर तीन होती, त्यालाही यानं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचवला. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची पोरं आता तिकडं लोखंड जोडतात, रंग मारतात. बंदरावर म्हण आहे, समुद्रानं आमची थोडी माणसं नेली, उरलेली साकेलारिसनं. ही म्हण कानावर पडली की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. स्वतः मात्र तो जवळच्या ऱ्होड्स बेटापुढं कधी गेला नाही. बोटीत त्याला ओकारी येते.

अर्ज भरून झाला की स्टुलावरच्या आईचा रुमाल डोळ्याला जायचा. तेव्हा साकेलारिस चष्मा कपाळावर सरकवून ठरलेलं वाक्य बोलायचा, "दोन वर्षं गं बाई. दोन वर्षांनी दारात उभा राहील. मी कागद बघितलाय." कागद त्यानं बघितलेला असायचाच, आणि व्हिसा दोन वर्षांचाच असायचा. पोरगा परत येईल असं त्यावर कुठं लिहिलेलं नसायचं. पण आया कागद वाचत नसत, साकेलारिसला वाचत.

तर अशा माणसाच्या घरी व्हिसाचं काम निघालं.

त्याचा एकुलता एक मुलगा नोमिकोस, त्याला डार्विनच्या गोदीत वेल्डरची नोकरी लागली. जूनमध्ये हजर व्हायचं, कागद एप्रिलअखेर पोचायला हवेत. बायको एतेरी जॉर्जियाची. एका म्हातारीची सेवा करायला बेटावर आली, म्हातारी वारली आणि ही सून होऊन राहिली. जानेवारीत त्यांना मुलगी झाली. बापाकडून ग्रीक, आईकडून जॉर्जियन, जन्मतःच दोन देशांची. साकेलारिस म्हणाला, अशी बाळं मी डझनानं पाठवलीत. नियम एकच, दुसरा पासपोर्ट लपवायचा नाही. लपवलेला कागद मेल्या माशासारखा, तिसऱ्या दिवशी वास येतोच.

अडचण वेगळीच निघाली. पोरीला नाव नव्हतं.

आमच्यात तेल-पाण्याचा विधी होऊन धर्मबापानं देवळात नाव उच्चारल्याशिवाय पोराला नाव नसतं. तोवर सगळे तिला बेबा म्हणतात. जन्मनोंदीच्या अर्जातसुद्धा साकेलारिसनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मुलगी, नाव नाही. पासपोर्ट इथं पोलीस देतात, आणि बिननावाचा ते देत नाहीत. इकडं एतेरीला बिचारीला हा रिवाज काय ठाऊक. ती अथेन्सला गेली, आपल्या वकिलातीत आपल्या गेलेल्या आईचं नाव सांगितलं, लमारा, आणि पासपोर्ट घेऊन आली. आता तिकडच्या कागदावर लमारा, इकडच्या कागदावर नुसती मुलगी. व्हिसाच्या कचेरीतून पत्र आलं, ही दोन बाळं एकच आहेत याचा पुरावा द्या.

म्हणजे बारसं उरकायला हवं. एतेरीनं विचारलं, "बाबा, या रविवारी नाही का होणार?"

साकेलारिस म्हणाला की ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू आहेत, उपासात बारसं करत नाहीत, ईस्टर जाऊ दे. ते खरं होतं. मग म्हणाला, धर्मबाप स्केवोस जहाजावर इंजिनात आहे, जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला, सप्टेंबरशिवाय येत नाही. धर्मबाप बदलणं म्हणजे अपमान. हेही खरंच वाटलं. मग फोटो. एक्केचाळीस वर्षांत ज्याचा एक फोटो परत आला नाही, त्याच्या नातीचे दोन फोटो परत आले. एकात झबल्यावर दृष्टीचा निळा मणी दिसत होता, दुसऱ्यात आजीचा अंगठा. साकेलारिस हळहळला, कचेरीतले लोक फार कडक झालेत म्हणाला, आणि बेबाला मांडीवर घेऊन कॉफी प्यायला बसला.

नोमिकोस वेंधळा, त्याला बापावर भरवसा. एतेरी रोज संध्याकाळी तारखा मोजायची. कंपनीनं कळवलं होतं की बाळाचं जमत नसेल तर नवऱ्यानं एकट्यानं पुढं यावं. साकेलारिसनं हे ऐकून मान डोलावली. समजूतदारपणे म्हणाला, "जाऊ दे त्याला पुढं. तू आणि बेबा राहा सप्टेंबरपर्यंत. नंतर बघू." ते नंतर बघू म्हणताना त्याचा चेहरा असा मायाळू झाला की कुणालाही संशय यावा. आला एकीलाच, त्याच्या बायकोला, थेमेलिनाला. पण तिनं बेबाला त्याच्याकडून उचलून घेतलं, एवढंच. खरं सांगायचं तर तिलाही बेबा मांडीवर हवीच होती.

ईस्टरचा दिवस उजाडला. डोंगरावरून सणाचे डायनामाइटचे बार सुरू होते, काचा थरथरत होत्या, मातीच्या हंडीत भात-कलेजी भरलेलं कोकरू भट्टीतून आलं होतं. तेवढ्यात थेमेलिनाचा फोन वाजला. स्केवोस. सणाच्या शुभेच्छा दिल्या, आणि विचारू लागला, बेबाचा सोन्याचा क्रूस आत्ता पाठवू की सप्टेंबरात हातीच आणू? मी तर तीन आठवडे इथं अथेन्सजवळ, पिरेअसला घरी बसून आहे, पण साकेलारिस म्हणाला, घाई नाही, सप्टेंबरात हवा छान असते.

थेमेलिनानं फोन ठेवला. सगळ्यांना कोकरू वाढलं, साकेलारिसला मानेचा तुकडा, जो त्याला आवडतो. जेवणं झाली, सणाची लाल अंडी फोडून झाली, माणसं पांगली. मग ती उठली, बंदरावर गेली आणि त्याच्या टेबलासमोरच्या वेताच्या स्टुलावर जाऊन बसली. सणाच्या दिवशी. सगळं बंदर बघत होतं. साकेलारिसला निरोप गेला, तो चपला फटकारत आला.

"काय गं, इथं काय?"

"बस तुझ्या खुर्चीवर."

तो बसला.

"चष्मा वर कर आणि सांग मला."

"काय सांगू?"

"जे सगळ्यांना सांगतोस ते. कालीओपीला सांगितलंस, सेवास्तीला सांगितलंस. तिचे दोघे पोरगे गेले, दोघांच्या वेळी सांगितलंस. माझी पाळी आलीय, सांग मेल्या."

साकेलारिसनं चष्मा वर केला. तोंड उघडलं. दोन, इतकंच म्हणाला आणि थांबला. डोंगरावर एक बार उडाला. सेवास्ती समोरच्या दारात उभी होती, ती आत गेली.

"जीभ वळत नाही ना?" थेमेलिना म्हणाली. "मग दुसऱ्यांच्या पोरांच्या वेळी कशी वळली? स्केवोसला मी बोलावलंय. येत्या रविवारी बारसं."

साकेलारिस चाळीस वर्षं मुरलेला. त्याच्याकडं अजून एक पत्ता होता. तो नरमाईनं म्हणाला, बरं, करू या, पण रिवाजाप्रमाणं. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव. थेमेलिना. तुझा मान आहे तो, मी तो सोडू देणार नाही. बाईला क्षणभर भरून आलं. आजवर कुणा आजीनं असा मान नाकारलेला ऐकिवात नाही. तिच्या आईचं नाव तिच्या मोठ्या भावाच्या पोरीला होतं, सासूचं नाव नणंदेच्या पोरीला. आपलं नाव आपल्या मागं बेटावर हाक मारून घेतलं जावं, यापलीकडं तिनं देवाकडं फार काही मागितलेलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "आणि त्या दुसऱ्या कागदावर काय आहे?"

"लमारा."

"म्हणजे पुन्हा दोन बाळं."

साकेलारिस गोंदाच्या बाटलीचं झाकण लावू लागला. ते आधीच लागलेलं होतं.

रविवारी देऊळ भरलं. पाद्री लेफ्तेरिसनं पोरीला तेल लावलं, तीनदा पाण्यात बुडवलं, ती बेंबीच्या देठापासून रडली. नाव विचारलं तेव्हा स्केवोसनं थेमेलिनाकडं बघितलं. तिनं मान डोलावली. स्केवोस म्हणाला, "लमारा."

पाद्री थबकला. आजीचं नाव सोडून हे कुठलं? या नावाचा संत त्यानं ऐकला नव्हता.

"नसेल तर ही होईल," थेमेलिना म्हणाली. "तुम्ही उरका, पोर गारठतंय."

एतेरी मागं उभी होती. ती पुढं आली आणि तिनं सासूचा हात धरला. हात ओला होता, तेलानं की कशानं, कुणी बघितलं नाही.

सोमवारी नोंदवहीत नाव चढलं, चार दिवसांत ग्रीक पासपोर्ट आला. नवा फोटो साकेलारिसनं पांढऱ्या चादरीवर काढला. मणी काढून ठेवला, थेमेलिनाला हात पाठीमागं धरायला लावले. पोरीनं डोळे टक्क उघडून कॅमेऱ्याकडं बघितलं. मग तो टेबलावर बसला आणि दोन बोटांनी अर्ज भरू लागला. इतर नागरिकत्व आहे का? आहे. दुसऱ्या पासपोर्टवरचं नाव? तेच. या बाळाला याखेरीज आणखी कुठलं नाव होतं वा आहे का? इथं त्याचं बोट बराच वेळ हवेत राहिलं. थेमेलिना समोर स्टुलावर वाटाणे सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, "नाही म्हणून लिही."

त्यानं लिहिलं.

मे महिन्यात व्हिसा आला. तिघांचा, दोन वर्षांचा. साकेलारिसनं घरच्या तिघांचे कागद छापून टेबलावर पसरले आणि चष्मा लावून चूक शोधायला बसला. जन्मतारीख तपासली, आकडे तपासले, आडनावातलं अक्षर न अक्षर बोट ठेवून वाचलं. एखादी चूक सापडली असती तर कागद दुरुस्तीला परत गेले असते, निदान महिनाभर. दुपार झाली, कॉफी गार झाली. त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

चूक कुठंच नव्हती. अर्ज त्यानंच भरला होता.